टायटॅनियम इम्प्लांट ‘मजबूत’ कसं करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम इम्प्लांट मोडण्याचं. पुण्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत प्लेटा, स्क्रू, खुब्याचे स्टेम (मांडीच्या हाडात बसणारे दांडे) फटीग मशीनवर, म्हणजे पुन्हापुन्हा भार देणाऱ्या यंत्रावर, बसवायचे आणि ते कधी, कुठून तुटतात ते बघायचं. मेटलर्जीचे विद्यार्थी, इम्प्लांट बनवणारे छोटे कारखानदार, ऑर्थोपेडिकचे रेसिडेंट आणि कधीकधी रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उपचार कोणता घ्यावा हे तुमचे सर्जन सांगतील. इथे फक्त धातूबद्दल बोलू.

१. शरीरात टायटॅनियमच का वापरतात? स्टीलमध्ये काय वाईट आहे?

वाईट काही नाही. ३१६एल या स्टेनलेस स्टीलच्या प्लेटा आजही रोज बसतात आणि हाड जुळल्यावर काढताही येतात. पण टायटॅनियमच्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. हवा लागताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो, ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो, आणि शरीरातल्या खारट पाण्यात धातूला गंजू देत नाही. दुसरं, घनता सुमारे ४.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, हाड त्याला चिकटून वाढतं. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची निरीक्षण-नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी निघेना, हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे दंत-इम्प्लांट बसवले.

२. ग्रेड २, ग्रेड ४, ग्रेड ५, ग्रेड २३ हे काय आहे? ‘शुद्ध टायटॅनियम’ म्हणून विकतात ते खरंच शुद्ध असतं का?

ग्रेड १ ते ४ हे व्यापारी शुद्ध टायटॅनियम. चौघांत मुख्य फरक ऑक्सिजनचा. ग्रेड १ मध्ये जास्तीत जास्त ०.१८ टक्के, ग्रेड ४ मध्ये ०.४० टक्के. एवढ्याशा फरकाने किमान यील्ड ताकद (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) १७० मेगापास्कलवरून ४८३ वर जाते. चिमूटभर मिठाने आमटी बदलावी तसं हे आहे, आणि मीठ जास्त पडलं तर काय होतं ते प्रश्न ६ मध्ये.

ग्रेड ५ म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू. १९५०च्या दशकात अमेरिकेत विमानांसाठी तयार झाला, मग हाडांत आला. ग्रेड २३ त्याचाच जास्त स्वच्छ भाऊ: ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांच्या आत, लोह ०.२५ च्या आत. ताकद किंचित कमी, पण भेगेला तोंड देण्याची क्षमता जास्त. इम्प्लांटसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं एफ१३६ हे मानक याच ग्रेडचं. त्यात किमान यील्ड ७९५ मेगापास्कल मागितली आहे. खरेदीच्या ऑर्डरवर नुसतं ‘ग्रेड ५’ लिहून पाठवणारे कारखानदार मी पाहिले आहेत. सप्लायर विमानाचा माल पाठवतो, आणि कागदावर त्याची काहीच चूक नसते.

३. ‘मजबूत’ इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

बाकीचे निम्मे प्रश्न या एका शब्दाच्या गोंधळातून येतात. ‘मजबूत’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो.

ताकद म्हणजे किती ताणावर धातू कायमचा वाकतो किंवा तुटतो. ताठपणा म्हणजे ठरावीक भाराखाली तो किती लवतो, अर्थात यंगचा गुणांक. आणि फटीग म्हणजे छोटा भार लाखो वेळा पडल्यावर तो किती टिकतो. खडू ताठ असतो, पण चटकन मोडतो. कळकाची काठी भरपूर वाकते, पण मोडत नाही. इम्प्लांटला खडूसारखं व्हायचं नाही, कळकासारखं व्हायचं आहे: ताकद जास्त, ताठपणा कमी, आणि वर्षानुवर्षं हलवलं तरी शाबूत. धातूशास्त्रात ताकद वाढवण्याचे बहुतेक सोपे उपाय यातली एखादी गोष्ट देतात आणि दुसरी काढून घेतात. इम्प्लांटच्या धातूवरचं बहुतेक संशोधन म्हणजे हा हिशेब जुळवण्याची धडपड आहे.

४. ताठपणा कमी कशाला हवा? ताठ धातूने हाडाला जास्त आधार मिळेल ना?

नको तितका मिळतो. पायाच्या हाडाच्या कठीण भागाचा गुणांक साधारण १० ते ३० गिगापास्कल. ग्रेड २३ चा सुमारे ११०, स्टीलचा १९० ते २००, कोबाल्ट-क्रोमचा २१० च्या पुढे. हाड आणि धातू शेजारी बसले की भार ताठ असलेल्याकडे जातो. ज्या हाडावर भार येत नाही ते झिजतं. बर्लिनचे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम हाच: हाड कामाप्रमाणे स्वतःला घडवतं. खुब्यात ताठ स्टेम बसवल्यावर काही वर्षांनी मांडीच्या हाडाचा वरचा, आतला भाग एक्स-रेत फिकट दिसतो, तो यामुळे.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती विद्यार्थी विसरतात. अगदी लवचिक स्टेमही करून पाहिले गेले. ते हाडाच्या आत वरच्या टोकाला इतके हलत की हाड त्यांना धरेना आणि ते सैल होत. म्हणजे गुणांक हाडाएवढा आणला की प्रश्न सुटला, असं नाही.

५. हीट ट्रीटमेंटने ग्रेड २३ चा ताठपणा कमी करता येईल का?

नाही. हीट ट्रीटमेंटने ताकद, तन्यता (न तुटता ताणलं जाण्याची क्षमता), दाण्यांची रचना बदलते. गुणांक मुख्यतः अणूंमधल्या बंधांवर आणि कोणती फेज, म्हणजे अणूंची कोणती मांडणी, किती आहे यावर ठरतो, या मिश्रधातूत तो फार हलत नाही. ताठपणा बदलायचा तर मिश्रधातू बदला (प्रश्न ७), त्यात छिद्रं पाडा (प्रश्न १२), किंवा आकार बदला. आकाराचा उपाय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. भरीव दांड्याचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिलिमीटरचा दांडा १२ चा केला की ताठपणा दुपटीच्या वर जातो. नवीन मिश्रधातू शोधून दहा वर्षांत जे मिळतं, ते ड्रॉइंगमधल्या दोन मिलिमीटरने निघून जातं.

६. मग ताकद वाढवण्याचे मार्ग कोणते?

पहिला, ऑक्सिजन, प्रश्न २ मध्ये आला आहे. मर्यादेबाहेर गेला की धातू ठिसूळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचंही तसंच: ताकद देतो, पण फार वाढवला तर टायटॅनियमशी मिळून वेगळं ठिसूळ संयुग बनवतो.

दुसरा, रचना. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंश सेल्सियसला अल्फा रचनेतून बीटा रचनेत जातं (अणूंच्या मांडणीचे हे दोन प्रकार). ग्रेड २३ साठी ही हद्द साधारण ९७५ ते ९८० अंश. फोर्जिंग (तापवून ठोकून घडवणं) आणि अ‍ॅनीलिंग (तापवून सावकाश निववणं) या हद्दीच्या खाली केलं तर बारीक, गोलसर अल्फा दाणे आणि त्यांच्या सांध्यांत थोडा बीटा, अशी छान रचना मिळते. एकदा हद्द ओलांडली की दाणे फुगतात आणि थंड होताना त्यांच्या कडांवर अल्फाची सलग किनार उमटते. भेगेला ही किनार म्हणजे आयता रस्ता, म्हणून एफ१३६ तशी रचना चालवूनच घेत नाही. भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चुकीच्या जागी असला तर हद्द ओलांडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. पॉलिश करून, आम्लाने एच करून मायक्रोस्कोपखाली धरल्यावर मात्र दोन मिनिटांत कळतं.

तिसरा, दाणे खूपच बारीक करणं. जाड सळई एकाच जाडीच्या, कोनात वळलेल्या बोगद्यातून पुन्हापुन्हा दाबून काढतात. बाहेरचा आकार तोच राहतो, आतले दाणे नॅनोच्या घरात येतात. रशियातल्या उफा शहरात रुस्लान वालिएव्ह यांच्या गटाने हे काम नेटाने केलं. साधारण ७०० मेगापास्कलचं ग्रेड ४ यातून १२०० च्या वर जातं, तेही अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियमशिवाय. त्यातून अवघ्या २.४ मिलिमीटर व्यासाचे दंत-इम्प्लांट बनले. अरुंद जबड्याला ते मोलाचे. मला हा मार्ग सर्वांत देखणा वाटतो, पण सळई बनवण्याचा वेग आणि खर्च बघितला की उत्साह जरा आवरावा लागतो. दंत-इम्प्लांटसाठी सुमारे १५ टक्के झिर्कोनियम घातलेला मिश्रधातू हा जास्त व्यवहारी तोडगा ठरला.

७. बीटा मिश्रधातू हाडाच्या जवळ जातात म्हणे. मग सगळीकडे ते का वापरत नाहीत?

नायोबियम, टँटलम, मॉलिब्डेनम घातलं की बीटा रचना खोलीच्या तापमानालाही टिकते, आणि तिचा गुणांक कमी असतो. १३ टक्के नायोबियम आणि १३ टक्के झिर्कोनियमवाला मिश्रधातू ८० गिगापास्कलच्या आसपास येतो. जपानमध्ये मित्सुओ निइनोमी यांच्या गटाचा नायोबियम-टँटलम-झिर्कोनियमवाला सुमारे ६० ला. ग्रेड २३ च्या जवळपास निम्मा.

अडचणी सांगतो. इतक्या मऊ अवस्थेत त्याची ताकदही बेताची असते. ताकदीसाठी एजिंग केलं, म्हणजे बेताच्या तापमानाला बराच वेळ ठेवलं, की बारीक अल्फा किंवा ओमेगा कण बाहेर पडतात आणि गुणांक पुन्हा वर चढतो. पुन्हा प्रश्न ३ चा हिशेब. शिवाय टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, नायोबियम २४७७ ला आणि टँटलम ३०१७ ला. एकजीव मिश्रण करणं म्हणजे तूप आणि खडीसाखर एकाच कढईत एकाच वेळी विरघळवणं. आणि या धातूंची किंमत वेगळीच. कमी गुणांकाच्या बीटा मिश्रधातूचे काही खुब्याचे स्टेम वापरात आले, पण स्टेमच्या वरच्या निमुळत्या टोकावर, जिथे कोबाल्ट-क्रोमचा बॉल बसतो, तिथे घासून गंजण्याच्या तक्रारी आल्या आणि ते बाजारातून मागे घ्यावे लागले.

याच वाटेवरची एक कल्पना मात्र मला फार आवडते. मणक्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन टेबलावरच रॉड वाकवतात. कमी गुणांकाचा रॉड वाकवून सोडला की परत उसळतो. सेंडाई इथल्या तोहोकू विद्यापीठात १२ टक्के क्रोमियमचा असा मिश्रधातू अभ्यासला गेला की जिथे वाकवाल तिथेच रचना बदलून तो ताठ होतो, बाकीचा रॉड लवचिकच राहतो.

८. सर्टिफिकेटवर ताकद ९०० मेगापास्कल आणि प्लेट त्याच्या निम्म्या ताणावर तुटली. सर्टिफिकेट खोटं का?

बहुधा नाही. ती ताकद एकदाच ओढून मोजलेली. शरीरात भार एकदा येत नाही. साधारण चालणाऱ्या माणसाचा एक पाय वर्षाला सुमारे दहा लाख पावलं टाकतो. चांगल्या, गुळगुळीत ग्रेड २३ ची फटीग मर्यादा एक कोटी आवर्तनांना साधारण ५०० ते ६०० मेगापास्कल असते, आणि ओरखडा, भोक, धारदार कोपरा आला की ती झपाट्याने घसरते. टायटॅनियम ओरखड्याच्या बाबतीत फार हळवं आहे.

एकदा पाच प्लेटा चाचणीला आल्या. मशीनमधून उतरवल्यावर पाचही मधोमध तुटलेल्या, अगदी एकाच रेषेत. स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली धरल्या तर भेगेचा उगम दिसत होता आणि तिथून पसरत गेलेल्या वलयांच्या रेषा, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. उगमाच्या जागी काय होतं? लेसरने कोरलेल्या बॅच नंबरमधला ८. लेसरने तिथे धातू क्षणभर वितळून पुन्हा गोठला होता, आणि तो कडक, बारीक भेगांचा थर नेमका ताणल्या जाणाऱ्या बाजूवर, सर्वांत जास्त ताणाच्या जागी होता. कारखानदाराने धातू बदलला नाही, नंबर प्लेटच्या टोकाला नेला. पुढच्या पाच पास झाल्या.

९. पृष्ठभाग कडक करून फटीग वाढतो का?

कडक करण्यापेक्षा दाबून ठेवण्याने वाढतो. शॉट पीनिंगमध्ये बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागात दाबाचा ताण साठवतात. भेग उघडायला आधी तो ताण संपवावा लागतो. रोलर फिरवून किंवा लेसरच्या झटक्यानेही हेच साधतात. उलट भट्टीत हवा शिरली तर पृष्ठभागावर ऑक्सिजन मुरलेला ठिसूळ थर येतो, त्याला अल्फा केस म्हणतात. तो घासून किंवा आम्लाने काढलाच पाहिजे.

हाड धरावं म्हणून केलेला खडबडीतपणा मात्र फटीगच्या विरोधात जातो. सर्वांत ठळक उदाहरण मण्यांच्या सच्छिद्र लेपाचं. ते मणी चिकटवायला स्टेम बीटा हद्दीच्या बराच वर तापवावा लागतो. रचना बिघडते आणि प्रत्येक मण्याच्या मानेशी खाच तयार होते. फटीग ताकद जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. म्हणून असा लेप ताण कमी असलेल्या भागातच द्यायचा, अशी डिझाइनची शिस्त आहे.

१०. ऑपरेशनमध्ये प्लेट हाडाच्या आकाराला वाकवली तर चालते का?

ज्या प्लेटा वाकवण्यासाठी बनवल्या आहेत त्या एकदा, एकाच दिशेने, सावकाश, भोकांपासून दूर. जास्त वाकली म्हणून उलट वाकवली तर आयुष्य बरंच कमी झालं असं धरा. पक्कडीचे दात उमटले तरी तेच, कारण प्रश्न ८. स्टीलवर हात बसलेल्या रेसिडेंटना टायटॅनियम ‘ऐकत नाही’ असं वाटतं. गुणांक कमी आणि यील्ड जास्त असल्याने ते सुटल्यावर जास्त उसळतं, म्हणून मग पुढे-मागे वाकवण्याचा मोह होतो.

११. ३डी प्रिंटेड इम्प्लांट घडवलेल्याइतकं चांगलं असतं का?

ओढून मोजलं तर बऱ्याचदा जास्त ताकदवान. लेसरने वितळलेला थर इतक्या झपाट्याने थंड होतो की आत सुईसारखी मार्टेन्साइट रचना बनते. ताकद ११०० मेगापास्कलच्या वर जाते, तन्यता कमी होते आणि आत ताण अडकून राहतात. फटीगमध्ये मात्र प्रिंटरमधून काढलेला नग घडवलेल्या धातूच्या निम्म्याच्या आसपास किंवा खालीही असतो. कारणं दोन: आतली छिद्रं आणि अर्धवट वितळलेल्या पावडरीचा खरखरीत पृष्ठभाग.

आतल्या छिद्रांवर उपाय म्हणजे हिप. (खुबा नव्हे! गरम असताना चहूबाजूंनी गॅसचा दाब देणं.) साधारण ९२० अंश, १०० मेगापास्कल, दोन तास, आर्गॉनमध्ये. छिद्रं मिटतात, रचना सुधारते, ताकद थोडी उतरते, तन्यता परत येते. पण पृष्ठभागाला उघडी असलेली छिद्रं याने मिटत नाहीत, कारण गॅस आतच शिरतो. त्यामुळे नुसतं हिप करून ‘फटीगचं काम झालं’ म्हणणाऱ्यांना मी मशीनिंग किंवा पॉलिशिंगचं विचारतो. इलेक्ट्रॉन बीमच्या यंत्रात पावडरीचा थरच खूप गरम ठेवतात, तिथे अडकलेले ताण कमी असतात, पण पृष्ठभाग आणखी खरखरीत.

१२. जाळीदार इम्प्लांटमध्ये किती छिद्रं ठेवायची?

ठोकताळा असा: ताठपणा साधारण घनतेच्या वर्गाने कमी होतो. निम्मा धातू काढला की ताठपणा चौथाईवर, म्हणजे ११० चे २७-२८ गिगापास्कल. बसला हाडाच्या पट्ट्यात! हाड आत शिरण्यासाठी छिद्रं काही शे मायक्रॉनची ठेवतात. पण जाळीची प्रत्येक काडी म्हणजे बारीक, खरखरीत, पॉलिश न करता येणारा दांडा, आणि फटीगमध्ये तीच आधी जाते. म्हणून बहुतेक चांगल्या डिझाइनमध्ये गाभा भरीव आणि जाळी फक्त हाडाकडच्या बाजूला. अख्खा भार घेणारं इम्प्लांट नुसत्या जाळीचं करू नका.

१३. स्क्रू निळे, सोनेरी, जांभळे का असतात? रंग रक्तात उतरतो का?

त्यात रंग नाहीच. विजेने ऑक्साइडचा थर जाड केला की पावसाळ्यात रस्त्यावरच्या तेलावर दिसतात तसे प्रकाशाच्या खेळाने रंग दिसतात. उपयोग मुख्यतः आकार ओळखायला. राखाडी दिसणारं अ‍ॅनोडायझिंग वेगळं असतं, त्याने टायटॅनियमवर टायटॅनियम घासून जाम होणं कमी होतं.

१४. खुब्याचा बॉल टायटॅनियमचा का नसतो?

घासण्यात टायटॅनियम कच्चं आहे. पूर्वी करून पाहिलं, काळी भुकटी निघाली. म्हणून स्टेम टायटॅनियमचा आणि बॉल सिरॅमिकचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा. नायट्राइडचा लेप मदत करतो, पण लेप उडाला की त्याचेच कण घासायला लागतात.

१५. व्हॅनेडियम आणि अ‍ॅल्युमिनियम विषारी नाहीत का?

व्हॅनेडियमचे सुटे आयन पेशींना अपायकारक आहेत, म्हणून व्हॅनेडियमच्या जागी ७ टक्के नायोबियम घातलेला मिश्रधातू आला. त्याचं मानक आयएसओ ५८३२-११. यांत्रिक गुण जवळपास तेच. ग्रेड २३ मात्र अनेक दशकं वापरात आहे, कारण ऑक्साइडचा थर शाबूत असेतो आयन फार थोडे सुटतात. काळजी तो थर सतत घासला जातो तिथे, म्हणजे प्रश्न ७ मधल्या निमुळत्या जोडात.

१६. मटेरियल सर्टिफिकेट आहे, मग इम्प्लांटची वेगळी चाचणी कशाला? आणि ती इतकी लांबते का?

सर्टिफिकेट सळईचं आहे, प्रश्न ८ मधल्या ‘८’ आकड्याचं नाही. खुब्याच्या स्टेमला आयएसओ ७२०६-४ प्रमाणे ५० लाख आवर्तनं, दंत-इम्प्लांटला आयएसओ १४८०१ प्रमाणे कोरड्यात ५० लाख किंवा खारट पाण्यात २० लाख, आणि पाण्यात वेग सेकंदाला दोनच्या वर नाही. २० लाख भागिले दोन, म्हणजे साडेअकरा दिवसांच्या वर, एका नमुन्याला. ‘जरा वेग वाढवा ना साहेब’ असे फोन येतात. पाण्यात गंज आणि थकवा एकत्र काम करतात आणि गंजाला वेळ लागतो. वेग वाढवला की चाचणी दुसऱ्याच गोष्टीची होते.

१७. कोकणातल्या वाळूत टायटॅनियम आहे म्हणतात. मग माल महाग का?

आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, नेवरे आणि केशवसुतांच्या मालगुंडच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज सापडतं. पण जगभर या खनिजाचा मोठा भाग पांढऱ्या रंगद्रव्यासाठी जातो. खर्च खनिजाचा नाही, त्यातून ऑक्सिजन काढण्याचा आहे. आधी क्लोराइड, मग मॅग्नेशियमने स्पंज (सच्छिद्र कच्चा धातू), मग निर्वातात पुन्हापुन्हा वितळवणं. भारतात असा स्पंज केरळमधल्या चवरा इथे केएमएमएल या सरकारी कंपनीच्या कारखान्यात बनतो, २०११ पासून, वर्षाला ५०० टन क्षमता. मिश्रधातू हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी बनवते.

१८. आईच्या मांडीतली टायटॅनियमची प्लेट आठ महिन्यांत तुटली. धातू निकृष्ट होता का?

असू शकतो, पण पहिला संशय तिकडे जाऊ नये. प्लेट कायमचा भार उचलायला बनवलेली नसते. हाड जुळेपर्यंत ती वेळ काढते. हाड जुळलं की भार हाडाकडे जातो. जुळलंच नाही, तर प्रत्येक पाऊल प्लेटवर पडत राहतं आणि उत्तम धातूही कधीतरी थकतो. त्यामुळे सर्जनना आधी विचारा: हाड जुळलं होतं का, आणि भार टाकायला कधी सांगितलं होतं?

तपासणी करायची असेल तर तुकडे काढण्यापूर्वीच सर्जनना सांगून ठेवा. निर्जंतुक केल्यावर दोन्ही तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, सोबत इम्प्लांटचं स्टिकर आणि एक्स-रे द्या. तुटलेल्या कडा ब्रशने घासू नका. आणि नीट बसतात का हे बघायला दोन तुकडे एकमेकांना लावू तर अजिबात नका. सगळे लावतात. त्यात उगमाच्या जागेवरच्या रेषा घासून जातात आणि मग माझ्याकडे वाचायला काही उरत नाही.